हुरड्याच्या पंगतीला झाडढेकूण

"ढेकूण बघायला संभाजीनगर?" विलासने चहाचा कप खाली ठेवला. "पूर्वीच्या एखाद्या लॉजात उतरलो असतो तर खाटेतच मिळाले असते. पेट्रोल वाचलं असतं."

माझा नवरा आधी असे विनोद करतो आणि मग निमूट गाडीही तोच चालवतो, म्हणून मी हसून घेते. शिवाय त्याचं अगदीच चुकलेलं नव्हतं. मी ज्यांच्या मागे लागले आहे ते किडे खाटेतल्या ढेकणाचे लांबचे भाऊबंदच आहेत. फक्त हे माणसाला चावायला येत नाहीत, झाडावर राहतात. मराठीत त्यांना धड नाव नाही. शेतकरी कशालाही 'कीड' म्हणतो, शहरातला माणूस कशालाही 'ई!' म्हणतो. मी आपलं 'झाडढेकूण' म्हणते. हे घराणं एवढं मोठं आहे की जगात त्यांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत, आणि बहुतेक सगळे तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान. निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातं, मी मोबाइलला चिमट्याचं भिंग लावून पानांखाली डोकावते.

जायचं खरं निमित्त मात्र हुरड्याचं होतं. माझा मामेभाऊ दत्ता वैजापूरजवळच्या गावात राहतो, नोकरी वाळूजच्या कारखान्यात, उरलेला वेळ शेतात. त्याच्या बायकोने, मंगलने, यंदा स्वतःच्या डोक्याने हुरड्यासाठी गूळभेंडी ज्वारी पेरली होती. गूळभेंडी म्हणजे ती कोवळेपणी गोड लागणारी, भाजून चोळली की हिरवेगार मऊ दाणे सुटणारी. दत्ताच्या कारखान्यातली मंडळी कुटुंबासकट, सगळी मिळून तीसेक माणसं, रविवारी हुरडा खायला येणार होती. "ताई, पहिलाच रविवार हाय. तुमी पायजेच," असं ती फोनवर म्हणाली होती. दत्ताने जमीन दिली होती ती कुरकुरतच. रविवार बिघडला तर पुढच्या वर्षी तिथं कांदा, असं त्याने घरात सांगून ठेवलं होतं.

म्हणून बेत ठरला: गुरुवारी संभाजीनगर, शुक्रवारी फर्दापूर आणि अजिंठा, शनिवारी निवांत वैजापूर.

पुण्यातून उजाडायच्या आत निघालात तर शिक्रापूरची कोंडी टळते. आम्ही 'उजाडायच्या आत' म्हणत म्हणत आठला निघालो आणि कोंडीत सापडलो. पुढे रस्ता छान आहे. नगरच्या अलीकडे मिसळ खाल्ली, प्रवरासंगमाला पुलावर गाडी बाजूला घेता येत नाही म्हणून गोदावरीला काचेतूनच नमस्कार केला, आणि वाळूजला कारखान्याच्या बसांमागे पुन्हा अडकलो. स्टेशनजवळ हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळाली. विलासने गादी उचलून पाहिली आणि म्हणाला, "नाहीत. तुझं नशीब फुटकं."

दुपारनंतर हिमायत बागेत गेलो. जुनी मोठी झाडं, पाण्याचे हौद, चालायला येणारी मंडळी. माझी हत्यारं दोनच: एक पांढरी छत्री आणि एक काठी. फांदीखाली छत्री उलटी धरायची आणि फांदीवर काठीने हलकेच टकटक करायची. वरून जे काही पडतं ते पांढऱ्या कापडावर स्वच्छ दिसतं. बघून झालं की त्याच झाडावर सोडायचं. सोपं काम आहे, फक्त लाज सोडावी लागते.

बागेतला रखवालदार बराच वेळ लांबून बघत होता. शेवटी जवळ आला.

"मॅडम, छत्री उलटी कायकू? बारिश नीचे से आनेवाली है क्या?"

"किडे देखती हूं, भाई."

"पैसे देते क्या उसके?"

"नहीं."

तो विलासकडे वळला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "साब, आप बैठो. चाय मंगाता हूं."

चहा येईपर्यंत माझ्या छत्रीत तीन वेगवेगळे झाडढेकूण पडले होते. ओळखायचे कसे, हे सांगते, म्हणजे तुम्हीही करून बघाल. किडा बाजूने पाहा. पाठ सरळ जाते आणि शेपटाकडे एकदम खाली मोडते. त्या मोडीच्या आधी पंखात एक तिकोनी तुकडा असतो, सदऱ्याच्या बाजूला शिवतात त्या कापडाच्या कळीसारखा. ती कळी दिसली की बहुधा हे घराणं. बाकी रंगरूप मात्र ज्याचं त्याचं. एक पोपटी होता, एक तपकिरी, एक तर जेमतेम जिऱ्याएवढा आणि काळपट. खाणंपिणंही तसंच. कुणी पानाचा रस पितो, कुणी कळीचा, कुणी फक्त इतर किड्यांची अंडी फोडतो, आणि पुष्कळ जण जे समोर येईल ते. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण यांच्या प्रत्येक चुलीवर वेगळंच काहीतरी शिजत असतं.

रात्री नान-खलिया. संभाजीनगरला जाऊन हे न खाणं म्हणजे पाप. नान पिवळसर, किंचित गोड, आणि मटणाचा रस्सा असा की विलासला दहा मिनिटं एकही विनोद सुचला नाही.

शुक्रवारी फर्दापूर. शंभरेक किलोमीटर आहे, सिल्लोडला नाश्ता करा. अजिंठ्याला सोमवारी सुट्टी असते आणि खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, खालून बस घ्यावी लागते, हे लक्षात ठेवा. लेण्यांबद्दल मी काय लिहू, लिहिणाऱ्यांनी लिहिलंय. मी दोन तास मान वर करून चालले आणि छत्री बंदच ठेवली. त्या हद्दीत टकटक करायची नाही, एवढं मला कळतं.

छत्री उघडली ती गावाबाहेर, रस्त्याकडेच्या बाभळीखाली. तिथं एक धनगर मावशी शेळ्या घेऊन उभी होती. तिच्या हातात लांब काठीला बांधलेली आकडी, आणि ती बाभळीची फांदी हलवून शेळ्यांसाठी शेंगा पाडत होती. म्हणजे धंदा एकच, गिऱ्हाईक वेगळं. मी विचारलं, तुमच्या फांदीखाली छत्री धरू का? "धरा की, झाड काय माझ्या बापाचं हाय?" असं म्हणून तिने फांदी अशी हलवली की छत्री भरून शेंगा, पाचोळा आणि किडे.

आणि त्यात तो होता. मुंगीचं सोंग घेतलेला झाडढेकूण. कंबर मुंगीसारखी बारीक, चाल मुंगीसारखी लगबगीची, नीट पाहिलं तरच सोंड दिसणार. असा मी फक्त चित्रात पाहिला होता. "विलास, भिंग! गाडीत आहे!" असं मी ओरडले, तो धावला, मी मान वळवली, आणि तेवढ्यात एका काळ्या शेळीने छत्रीत तोंड घालून शेंगांसकट सगळं स्वाहा केलं.

मावशीने शेळीच्या पाठीत धपाटा घातला आणि माझं तोंड बघून पदर तोंडाला लावला.

"लई मोलाचा होता का वो?"

"लई."

"मंग आता काय, संध्याकाळी दुधातून निघंल."

विलास भिंग घेऊन आला तेव्हा आम्ही दोघी हसून रस्त्यावर बसलो होतो. खरं सांगते, मला रडू येत होतं आणि हसूच बाहेर पडत होतं.

फर्दापूरच्या टपरीवर चहा घेताना मंगलने पाठवलेला फोटो आला. ज्वारीचं कणीस, त्यावर पिवळसर हिरवे, सडपातळ, लांब मिशांचे किडे. मी फोटो मोठा केला. पंखात कळी. पाठोपाठ फोन.

"ताई, हे काय हाय वो? कनसाकनसात बसलेत. दाणे पिचायलेत."

"मंगल, हे दाण्यातलं दूध पितात."

"आमचं हे पंप भरायलेत. म्हनतेत, संध्याकाळी फवारतो." तिचा आवाज एकदम खाली आला. "परवा मानसं येनार खायाला. फवारल्यालं कसं घालू त्यांच्या ताटात? आन् नाय फवारलं तर घालू काय?"

मी म्हटलं, दत्ताला थांबव, आम्ही निघालो. शनिवारचा निवांतपणा तिथंच संपला.

फर्दापूर ते वैजापूर हा प्रवास एका दमात करू नका, कंबर बोलते. आम्ही केला. वाटेत विलासने एकदा विचारलं, "तू तर यांची वकील. आता?" इतकी वर्षं लोकांना 'मारू नका, बघा' असं सांगत फिरणारी मी, आणि आता घरच्याच माणसाला मारायचे कसे ते शिकवायला निघालेली.

शनिवारी सकाळी दव होतं. दत्ता अंगणात पंपाजवळच उभा होता, रात्री तिथंच झोपल्यासारखा.

"ताई, तुझे किडे आन् तू," तो म्हणाला. "एक फवारा मारला असता तर मोकळा झालो असतो."

"आणि पाहुणे?"

"त्यास्नी कोन सांगतंय?"

मंगल आतून चहा घेऊन येत होती. तिने कप पायरीवर ठेवला, जरा जोरातच. "म्या सांगीन," ती म्हणाली. एवढंच. मग छत्री माझ्या हातातून घेतली आणि शेताकडे चालू लागली.

शेतात ज्वारीचे तीन पट्टे होते. पहिला हुरड्याला आलेला, दुसरा नुकता फुलोऱ्यात, तिसरा अजून पोटरीत, म्हणजे कणीस पानाच्या पोटातच. पहिल्या पट्ट्यात एक कणीस छत्रीवर झटकलं तर पिवळसर हिरव्यांचा सडाच पडला, मोठे आणि बिनपंखी पिल्लं सगळी मिसळून. थंडीने काकडलेले, जागचे हलत नव्हते. आणि त्यांच्यातच जिऱ्याएवढे दोनचार काळपट. हिमायत बागेतल्या त्या पठ्ठ्यासारखेच.

"हे बारके कोन?" मंगलने विचारलं.

"याच घराण्यातले. पण हे जास्त करून दुसऱ्या किड्यांची अंडी, कोळी, असलं खातात. आपल्या बाजूचे म्हण."

"म्हंजी फवारलं तर हे बी मरतेत. सुक्याबरोबर ओलं बी जळतं."

दुसऱ्या पट्ट्यात फक्त मोठे दिसले, तेही थोडे. नुकतेच उडून आलेले. मी दोन्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "पेरणी एकदाच नाही ना केलीस?"

तिचा चेहरा उजळला. "नाय! पंधरा पंधरा दिसांनी. एकदाच पेरलं तर हुरडा आठ दिसांत कडक होतो. आशानं महिनाभर पाहुने येतील." सगळ्या हुरडावाल्यांना हा हिशेब सुचतो, आणि तो चांगलाच आहे. म्हणूनच पुढचं वाक्य मी मनात जुळवत राहिले. पण ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिन्ही पट्ट्यांकडे बघितलं, आणि तीच सावकाश बोलली.

"म्हंजी ह्यांना बी महिनाभर कवळं दूध. एक पट्टा कडक झाला की शेजारच्यात." ती बांधावर बसली. "पाहुन्यांसाठी पंगती म्या मांडल्या, आन् पयल्या पाटावर हे बसले."

मी तिच्या शेजारी बसले. मला तिचं फार वाईट वाटलं. चूक म्हणावी तर आळसाची नव्हती, हौसेची होती. खूप लोकांना जेवू घालायची हौस.

उपाय दिसत होता, पण कडू होता. पहिला पट्टा संपूर्ण कापायचा, किडे थंडीने गारठलेले असताना, ऊन चढायच्या आत. म्हणजे ते उडून दुसऱ्यात जाणार नाहीत. चांगली कणसं तेवढी झटकून ठेवायची, बाकी सगळं कुट्टी करून गुरांना. मग रविवारी तीस माणसांना पुरेल एवढं उरेल का? उरणार नव्हतं. आणि शनिवारीच कापावं तर शिळा हुरडा पाहुण्याला द्यायचा, हे तर या भागात कुणी ऐकूनही घेणार नाही. कणीस तोडलं की आगटीच्या निखाऱ्यात, तिथून हातात, असा नेम.

"उंद्या पाटं कापू," मंगल म्हणाली. "पाहुने याच्या आत. जेवढं निघंल तेवढं ताजं."

दत्ता म्हणाला, "आन् कमी पडलं तर? रस्त्यावर मिळतो, दोन पोती आणून मिसळतो."

"माझ्या आगटीत माझाच भाजायचा."

रविवारी पहाटे आम्ही सगळे शेतात होतो. मी, विलास, मंगल, दत्ता. माझी छत्री एक, घरातल्या दोन काळ्या छत्र्या, त्यांना आतून पांढरी लुगडी टाचलेली, आणि साबणाच्या पाण्याची घमेली. दत्ता कापायचा, आम्ही छत्रीत झटकायचो, छत्री घमेल्यात. पहिली छत्री घमेल्यात ओतताना माझा हात थांबला होता, हे लपवत नाही. काळपट बारक्यांना वेगळं काढायला मी रंगाचा ब्रश आणला होता. पाच मिनिटांत कळलं की हे म्हणजे साखरेतून रवा निवडणं. जेवढे निघाले तेवढे दुसऱ्या पट्ट्यावर नेऊन सोडले. उरलेल्यांची मनातल्या मनात माफी मागितली. विलासने त्या सकाळी एकही विनोद केला नाही, फक्त एकदा विचारलं, "हुरडा शाकाहारीच आहे ना आता?"

निघालं ते दीड टोपलं. धड भरलेली कणसं तेवढीच.

पाहुणे आले, दोन गाड्या आणि बऱ्याच मोटारसायकली. आगटी पेटली होती, गोवऱ्यांचा धूर, शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं, ताक. दत्ता अवघडून उभा होता, त्याचे साहेबही आले होते. मंगलने पदर खोचला आणि कुणी काही विचारायच्या आतच बोलली.

"हुरडा थोडा हाय. मानशी दोन मुठी. कीड पडली व्हती, म्या औषध मारू दिलं नाय. पिठलं-भाकर पोटभर हाय. आन् कीड बघायची आसंल तर ती बी हाय."

दत्ताने मान खाली घातली. मागून एक जण पुटपुटला, "इतक्या लांब आलो ते दोन मुठीला?" ते सगळ्यांना ऐकू गेलं, मंगललाही. तिने फक्त पहिलं कणीस आगटीत सरकवलं. मग साहेबांच्या म्हाताऱ्या आई पुढे आल्या, आगटीजवळ मांडी घालून बसल्या आणि हात पसरला. गरम दाणे तोंडात टाकून म्हणाल्या, "गोड हाय गं. कुठं हाय कीड, दाव." मी छत्री उघडली. पोरं जमली, मग पोरांच्या आया. पंखातली कळी शोधताना तो पुटपुटणारा गृहस्थही भिंग मागून घेऊन गेला, परत द्यायला विसरला आणि मला मागावं लागलं. सगळं गोडगोड झालं असं नाही. दोन कुटुंबं जेवणाआधीच निघाली. त्यांच्या गाडीमागचा धुरळा मंगल बघत राहिली, हातातलं कणीस करपेपर्यंत.

निघताना ती म्हणाली, "ताई, दुसरा पट्टा भरला तर बरं. नाय तर कांदाच हाय." मी तिला जवळ घेतलं.

पुण्यात परतल्यावर फोटो लावत बसले. हिमायत बागेतले तिघे छान आलेत. मुंगीच्या सोंगाचा फोटो नाहीच, तो शेळीच्या पोटात गेला. विलास सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटला की संभाजीनगरला बघण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त खाली वाकावं लागतं. मला मात्र दुसऱ्या पट्ट्याची काळजी लागून राहिली होती. फोन करायला धजत नव्हते.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात दत्ता. कारखान्याच्या कामाला पुण्यात आला होता, खांद्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला भारा. "पाटं तोडलाय," तो म्हणाला, "शिळा म्हनू नको." मी भाऱ्याला हात घालणार तोच त्याने अडवलं.

"थांब. तुझी छत्री कुठंय?"

मी आणली. तो गॅलरीत उकिडवा बसला, एकेक कणीस हातात घेतलं आणि छत्रीवर हलकेच झटकलं. भरलेली, टपोरी, जड कणसं. पांढऱ्या कापडावर काहीच पडेना. शेवटच्या कणसातून एक पडला, जिऱ्याएवढा, काळपट. विलास चप्पल घेऊन पुढे झाला.

"दाजी, नगं!" दत्ताने हात आडवा घातला. त्या एवढ्याशा जिवाला बोटाच्या टोकावर घेतलं आणि उठून तुळशीवर सोडलं. "ह्यो मंगलचा गडी हाय."

मग हात झटकून, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "कांद्याला दुसरी जागा बघतोय, ताई."